शब्दचर्चा: मरी, पटकी, मोडशी, मानमोडी

विचारणा
मानववंशशास्त्रावरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद करतो आहे. इंग्रज राजवट आणि रोगांच्या साथी यांनी मुंबई इलाख्यातले लोकजीवन कसे बदलले, हा विषय. मूळ लेखात कॉलरा, प्लेग आणि इन्फ्लुएन्झा या तीन शब्दांवर काम भागले आहे. मराठीत मात्र मरी, महामारी, पटकी, मोडशी, गाठीचा ताप, मानमोडी अशी रांगच लागते. कोणता शब्द कुठे वापरावा? आणि 'पॅन्डेमिक'ला सरसकट महामारी म्हटले तर चालेल का?

सोलापूरहून
चालेल, पण आमच्या भागात महामारी म्हणजे जगभर पसरलेला रोग नव्हे. मरी म्हणजे पटकी, म्हणजेच कॉलरा, आणि ती आणणारी व नेणारी ती मरीआई. तिचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडायचा. पुढच्या गावाने तो आपल्या शिवेवरून आणखी पुढे ढकलायचा. यावरून गावागावांत भांडणे होत, ती वेगळीच. पटकी आता दवाखान्यात ऐकू येत नाही, पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या शिव्यांत अजून आहे: 'पटकी येवो तुला!'
एक तपशील जोडतो. १८१७ मध्ये बंगालात जेसोरकडे उठलेली पटकी कंपनीच्या फौजांबरोबर बुंदेलखंडात गेली. लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हाहाकार केला आणि १८१८ मध्ये ती मुंबईत पोचली. त्याच वर्षी पेशवाई बुडाली. मरीआई त्याच्या आधीचीच, पण राज्य बदलले आणि पटकी आली हे लोकांनी एकाच दमात पाहिले. तुमच्या लेखात हे येत नसेल तर तळटीप तरी द्या.

पणजीहून
मोडशीबद्दल मी सांगतो. हा शब्द मराठी-कोकणीतून थेट युरोपात गेला. पोर्तुगीजांनी १५४३ मध्ये गोव्यात आलेल्या भयंकर साथीचे वर्णन करताना हाच शब्द आपल्या उच्चाराने लिहिला. पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ताच्या, गोव्यातच १५६३ मध्ये छापलेल्या ग्रंथातही तो आहे. पुढे त्याचे 'मोर्देशीं' झाले, आणि फ्रेंचांनी त्याचे 'मोर्‌ द शिएँ', म्हणजे कुत्र्याचे मरण, असे रूप केले! कुत्र्याचा काही संबंध नाही. क्रियापद आपले मोडणे: शरीर मोडून पडते म्हणून मोडशी. (तो रोग आजचाच कॉलरा होता का, यावर अभ्यासकांचे वाद आहेत.) साथींनी जुने गोवे हळूहळू ओसाड पडले, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली.
गंमत अशी की आज मोडशी म्हणजे नुसते पोट बिघडणे. ओवा खा, बरे वाटेल. म्हणून अनुवादात पटकीसाठी मोडशी वापरू नका, वाचक ओव्याची पुडी शोधेल.

अमरावतीहून
मानमोडी १९१८ ची. इन्फ्लुएन्झाची लाट. इथेही मोडणेच आहे, हे पणजीकरांमुळे आज ध्यानात आले. जुन्नरच्या मानमोडी डोंगराशी याची गल्लत करू नये, ते नाव फार जुने. १९११ ते १९२१ हे जनगणनेचे एकच दशक असे, की देशाची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. तरी मानमोडीला ना देवी मिळाली ना देऊळ. आली, माणसे नेली आणि गेली.

पुण्याहून
आता प्लेग. गाठीचा ताप होता, वैद्यांकडे आणि वर्तमानपत्रांत ग्रंथिक सन्निपातही होता. तरी लोकांच्या तोंडी राहिला तो प्लेग, खेड्यात पिलेग. असे का व्हावे? माझे मत सांगतो, पटले तर घ्या.
देवीचा रोग घरात येई तो पाहुणी होऊन. कडुनिंबाचा डहाळा, फोडणी बंद, परक्याला आत येऊ द्यायचे नाही. पाळायचे नियम घरातलेच होते. इंग्रजांनी लस आणली, १८०२ मध्ये मुंबईत एका तीन वर्षांच्या मुलीला ती पहिल्यांदा टोचली, आणि मराठीने तिलाही सामावून घेतले: 'देवी काढणे'. सरकारी लसीला देवीचे नाव!
प्लेग तसा आला नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवीत मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी तो ओळखला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगाचा कायदा झाला. पुण्यात मार्चपासून प्लेग अधिकारी रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरोघर शिरू लागले. स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, काही सुटले नाही. काखेत, जांघेत गाठ आहे का ते तपासायचे, सामान जाळायचे, माणूस इस्पितळात आणि घरचे वेगळ्या छावणीत, सेग्रिगेशनमध्ये. हा शब्दही लोकांनी तसाच घेतला, कारण ती वस्तूच सरकारची होती. शिवेबाहेर नेण्याजोगा तिचा गाडा नव्हता. २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी रँडवर गोळी झाडली, ते सर्वांना ठाऊक आहे. पण प्लेगची मराठी आठवण तेवढ्यावर थांबवली की अनुवाद लंगडा होतो. त्याच मार्चच्या १० तारखेला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. ज्यांना एरवी कोणी हात लावत नसे, त्यांच्या दृष्टीने दवाखान्याचा अर्थ सदाशिव पेठेतल्या अर्थाहून वेगळा असणार.
जातीचे भान साथीतही सुटले नाही. मुंबईत ज्या त्या समाजाची प्लेग इस्पितळे निघाली, पुण्यात टिळकांनी हिंदूंसाठी काढले.

बंगळुरूहून
पुणेकर, तुमचा नियम पार करकचून बांधू नका. आमच्याकडे प्लेग-अम्माची देवळे आहेत. कोइम्बतूरला प्लेग मारिअम्मन आहे, आणि त्याच शहरात २०२१ मध्ये कोरोनादेवीची मूर्ती बसली. नाव परके आहे म्हणून देवी होत नाही, असे काही नाही.

पुण्याहून
मान्य. मग प्रश्न उलटा विचारू: तिकडे देवी झाली, इकडे फारशी का झाली नाही? महाराष्ट्रात प्लेगची गोष्ट फार लवकर राजकारणाची झाली, असे मला वाटते. लोकांनी रागाला वाट करून दिली ती केसरीतून, नवसातून नव्हे. खेड्यांत मात्र उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या टाकायच्या, ही रीत रुजली, आणि माणसाचे वयही 'पहिल्या प्लेगातला' असे सांगत.

सोलापूरहून
'सोशल डिस्टन्सिंग' लेखात असेल तर सांभाळा. २०२० मध्ये 'सामाजिक अंतर' असे छापून आले तेव्हा आमच्या वस्तीत लोक म्हणाले, ते तर पहिल्यापासूनच पाळतात आमच्याशी. 'सुरक्षित अंतर' किंवा 'शारीरिक अंतर' लिहा.

विचारणाऱ्याकडून
आभार, मंडळी. असे ठरवले आहे: एका भागापुरती असेल तर 'साथ', जगभरची असेल तर 'महामारी', आणि गावकऱ्याचे बोलणे असेल तिथे मरी, पटकी, पिलेग जसेच्या तसे. 'सेग्रिगेशन'ला आजचे 'विलगीकरण' लावणार नाही. १८९७ च्या छावणीला २०२० चा शब्द शोभत नाही. आता मराठवाड्यातल्या कोणी सांगावे: निजामाच्या मुलुखात गाठीच्या तापाला काय म्हणत?