प्रश्न मोघम असला की सगळेच सहिष्णू

'भाषणस्वातंत्र्य हवं' असं महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात सगळेच म्हणतात, म्हणून इथले लोक सहिष्णू, हा मुद्दा पटत नाही. अमेरिकेतले राज्यशास्त्रज्ञ प्रोथ्रो आणि ग्रिग यांनी 1960 मध्येच दाखवलं होतं की तत्त्वावर जवळजवळ एकमत असतं, ठोस प्रसंग पुढे ठेवला की ते फुटतं. त्याआधी तिथलेच समाजशास्त्रज्ञ स्टाऊफर यांनी 1954 च्या पाहणीत कम्युनिस्ट, नास्तिक असे ठरावीक गट घेऊन विचारलं. त्यात खोट अशी की ज्याला कम्युनिस्ट खटकतच नाहीत तो फुकटात सहिष्णू ठरतो. म्हणून सलिव्हन, पिअर्सन, मार्कस या राज्यशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये क्रम उलटवला: सर्वांत नावडता गट आधी तुम्हीच सांगा, मग त्यांना सभा घेऊ द्यावी का, निवडणूक लढवू द्यावी का, शाळेत शिकवू द्यावं का.

सीमाभागातल्या खानापूर-निपाणीत हेच विचारायचं तर प्रश्नावली मराठी आणि कन्नड दोन्हींत हवी, आणि कन्नडातून परत मराठीत उलटून ताडलेली. विचारणारा कुठल्या भाषेत तोंड उघडतो यावरच निम्मं उत्तर ठरतं. घरच्या भाषेचाच माणूस पाठवला तर समोरचा मोकळा बोलतो, पण कधी जरा जास्तच. शिवाय 1 नोव्हेंबरच्या आसपास, एकीकडे कर्नाटकचा राज्योत्सव आणि दुसरीकडे मराठी भाषकांचा निषेधाचा काळा दिन असताना, विचारूच नये. तेव्हा मिळतो तो त्या आठवड्याचा ताप.