पन्नाशीनंतरचे विजय मोजायचे की नाहीत?

बंकरवासी
गोल्फपटू बर्नहार्ड लांगरचा विषय निघाला की हल्ली एकच आकडा तोंडावर फेकला जातो: ४७. सीनियर टूरवरचे विजय. हेल अर्विनचा ४५ चा विक्रम मोडला, वयाच्या ६७ व्या वर्षी जिंकला, म्हणून त्याला थेट सर्वकालीन महान खेळाडूंच्या पंगतीत बसवा असा आग्रह. मला हे पटत नाही, म्हणून हा धागा.

ही टूर १९८० मध्ये सुरू झाली ती पन्नाशी ओलांडलेल्यांसाठी. बहुतेक स्पर्धा चारऐवजी तीन राउंडच्या, खेळाडू मोजके आणि मध्ये कट नाही. पहिला दिवस वाया गेला तरी कुणी घरी पाठवत नाही. मेजर, म्हणजे सर्वांत मानाच्या स्पर्धा, सोडल्या तर बऱ्याच ठिकाणी कार्टमध्ये बसून फिरायची मुभा. हे वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, पण ती परीक्षा वेगळी आहे. लांगरने १९८५ आणि १९९३ ला मास्टर्स ही सर्व वयांसाठीची मेजर जिंकली. १९८६ मध्ये जागतिक क्रमवारी सुरू झाली तेव्हा पहिल्या यादीत अव्वल तोच होता. एवढं त्याच्या मोठेपणाला पुरेसं आहे. पण अमेरिकेतल्या पीजीए टूरवर, म्हणजे मुख्य टूरवर, त्याचे विजय तीनच, आणि ती उणीव पन्नाशीनंतर भरून निघत नाही.

लांबपटर
साफ असहमत. 'तीनच' हा शब्द तर शुद्ध दिशाभूल आहे. गडी जर्मनीचा, त्याची कर्मभूमी युरोपियन टूर. तिथे ४२ विजय, त्याच्या पुढे फक्त स्पेनचा बायेस्तेरोस, ५० वर. अमेरिकेतली वही उघडून युरोपातला हिशोब कसा लागेल?

आणि 'सोपी परीक्षा' म्हणता, तर ती सगळ्यांनाच सोपी असते ना? तोच कोर्स, तीच कार्ट, वयाची अटही तीच. मग ४७ एकट्याचेच का?

बंकरवासी
युरोपचा मुद्दा मान्य, चूक माझी. पण दुसरा मुद्दा माझ्याच बाजूने जातो. अॅलन डॉयल घ्या. वयाच्या ४६ व्या वर्षी व्यावसायिक झाला आणि सीनियरमध्ये ११ स्पर्धा जिंकल्या, त्यात चार मेजर. ब्रूस फ्लायशर: मुख्य टूरवर एक विजय, सीनियरमध्ये १८. लॅरी लाओरेटीने मुख्य टूरवर एकही न जिंकता १९९२ ची यूएस सीनियर ओपन नेली. ज्या टूरवर हे घडतं तिथली पातळी काय असेल, तुम्हीच सांगा.

अठरावं_होल
मला तर या तीन नावांमुळेच ती टूर आवडते! डॉयलचा स्विंग बघितलाय का कधी? हॉकीची स्टिक फिरवावी तसा, कोणताही प्रशिक्षक दुरुस्त करायला धावेल. तिशीत काही ना काही कारणाने मागे राहिलेली माणसं पन्नाशीत नावाजलेल्यांना हरवतात. यावरून पातळी खालची ठरते की तरुणपणीची चाळणी सदोष ठरते? मी दुसऱ्या बाजूला.

शंकासुर
भावनिक होऊ नका राव. वयाबरोबर फटक्याची लांबी कमी होते, कोर्सही थोडे आखूड ठेवतात. ज्याचा खेळ मुळातच ताकदीवर नव्हता त्याला याचा फायदा. लांगर कधीच लांब मारणारा नव्हता. बाकीचे खाली आले आणि तो जागेवर राहिला, इतकंच.

लांबपटर
"जागेवर राहिला, इतकंच"! अहो, हेच तर अवघड आहे. या टूरवर दरवर्षी ताज्या दमाचे पन्नाशीतले येतात. म्हणजे साठीतल्या माणसाला प्रत्येक मोसमात आणखी एक वर्ष मागून पळायचं असतं. बहुतेकांचे विजय पंचावन्नच्या आसपास आटतात. हा २००७ पासून २०२४ पर्यंत सलग १८ मोसम दरवर्षी किमान एक जिंकतो.

आणि कट नाही, कार्ट आहे म्हणता ना, मग २०२३ ची यूएस सीनियर ओपन घ्या, सीनियरमधली मेजर. विस्कॉन्सिनमध्ये, चार राउंड, कटसकट, पायी चालून. दुसरा आला स्टीव्ह स्ट्रिकर, वय ५६, राज्य त्याचं स्वतःचं, फॉर्म जबरदस्त. लांगर तेव्हा ६५ चा. त्याआधी ही स्पर्धा जिंकणारा सर्वांत वयस्कर कोण होता? तुमचाच डॉयल, ५७ वर्षांचा. अर्विनचा विक्रमही त्याच आठवड्यात मोडला.

अठरावं_होल
अर्विनवरून आठवलं. १९९१ ची रायडर कप, म्हणजे युरोप विरुद्ध अमेरिका सांघिक स्पर्धा, कियावा आयलंड. शेवटची मॅच, शेवटचं होल, लांगरचा सहा फुटांचा पट (होलजवळचा हलका फटका) चुकला आणि कप अमेरिकेला. समोर उभा होता अर्विनच. पुढच्याच आठवड्यात लांगरने जर्मन मास्टर्स जिंकली. नंतर २०२४ मध्ये अकिलीसची शीर तुटली, तरी त्याच नोव्हेंबरमध्ये फिनिक्सला शेवटच्या होलवर जवळपास तीस फुटांचा पट घालून एका फटक्याने जिंकला. यिप्स, म्हणजे पट मारताना हात थरथरणं, ज्याच्या पाचवीला पुजलेले, त्याने!

शंकासुर
यिप्सचा विषय काढलाच आहे तर लांब पटरचंही, म्हणजे पट मारायच्या लांब काठीचंही बोला. तो शरीराला टेकवून मारण्यावर २०१६ पासून बंदी आहे. तरी २०१७ मध्ये लांगरचा हात छातीला लागतो की काय यावर केवढा गदारोळ झाला होता.

लांबपटर
झाला, आणि अमेरिकेतली नियम ठरवणारी संघटना यूएसजीएने त्याला निर्दोष ठरवलं. नियमात हेतूला महत्त्व आहे, कपडा हाताला लागणं म्हणजे टेकवणं नव्हे. त्या वर्षी त्याने सीनियरमध्ये सात स्पर्धा जिंकल्या, त्यात तीन मेजर. (माझ्या सदस्यनामावरून मी निःपक्षपाती नाही हे उघड आहे.)

शंकासुर
हेतू! म्हणजे खेळाडूनेच सांगायचं आणि आपण ऐकायचं. लांगर खोटं बोलतोय असं नाही म्हणत, नियमच ढिसाळ आहे.

बंकरवासी
पटरचा वेगळा धागा काढा, नाहीतर इथे शंभर प्रतिसाद होतील.

स्ट्रिकरचं उदाहरण मात्र मला अडचणीचं आहे, खोटं कशाला बोलू. साठीनंतरचा लांगर हा वेगळाच प्रकार आहे हे मानतो. तरी ४२ आणि ४७ ची बेरीज करून ८९ म्हणायला मी तयार नाही. दोन रकाने, दोन बेरजा.

लांबपटर
बेरीज कुणी मागितली? पण २०२० ची मास्टर्स कोणत्या रकान्यात टाकणार? वय ६३, कट पार, तेव्हा त्या स्पर्धेतला तो सर्वांत वयस्कर विक्रम. शेवटच्या दिवशी जोडीला ब्रायसन डिशॅम्बो, यूएस ओपनचा ताजा विजेता, मैलभर मारणारा. लांगर ७१ फटके, डिशॅम्बो ७३; कमी तो सरस.

बंकरवासी
पहिल्या. ती मास्टर्स आहे.