६ मिमी भोकाची कार्बन पट्टी दाबात: मॉडेल १९९ मेगापास्कल म्हणतं, टेस्ट ३७५

थरावरथर:
कार्बन-इपॉक्सी, तंतूंचे कोन [४५/०/−४५/९०] अंश, चार वेळा आणि सिमेट्रिक (मग आरशासारखे उलट), एकूण ३२ थर, जाडी ४ मिमी. पट्टी ३०० × ३६, मधोमध ६ मिमीचं भोक, एएसटीएम डी ६४८४ (भोक असलेली पट्टी दाबून तपासायचं स्टँडर्ड) चं सपोर्ट फिक्श्चर. पट्टी ४५ किलोन्यूटनला तुटते, म्हणजे ३७५ मेगापास्कल. बिनभोकाची स्ट्रेंग्थ ५६०. शेल मॉडेलमध्ये (पट्टी पातळ पृष्ठ धरून छोट्या एलिमेंटमध्ये तोडलेलं कॉम्प्युटर मॉडेल) भोकाच्या काठच्या एलिमेंटच्या मध्यावर ५६० आले की तुटलं, असं धरलंय. १ मिमी मेशला (म्हणजे एलिमेंटचं माप) उत्तर २५० येतं, ०.२५ ला १९९. मेश बारीक करावी तसं उत्तर टेस्टपासून लांब पळतंय. मटेरियल कार्ड (मॉडेलला दिलेले मटेरियलचे आकडे) चुकलंय का?

काठावरचा:
कार्ड ठीक आहे. आधी ते ३७५ खोडा. तुम्ही भोक वजा करून १२० चौ. मिमीने भागलंय. या स्टँडर्डमध्ये पूर्ण रुंदीच धरतात: ४५०००/१४४, म्हणजे ३१२.

आता मेश. तुमचं लॅमिनेट (थरांचा गठ्ठा) क्वाझी-आयसोट्रॉपिक, म्हणजे पट्टीच्या प्रतलात सगळ्या दिशांना सारखंच ताठ, म्हणून काठावर स्ट्रेस ३ पट. रुंदी भोकाच्या ६ पटच असल्याने त्यात अजून ३ टक्के, म्हणजे ३.०९. तेव्हा मेश बारीक करत गेलात तर उत्तर १८१ वर जाऊन थांबेल. पट्टी मात्र तिथे तुटत नाही, कारण हा शेंडा फार अरुंद आहे. काठापासून १ मिमी आत गेलं की ३ चे १.७६ होतात. लोड उभा धरला तर घड्याळातल्या ३ आणि ९ च्या जागी शून्य अंशाच्या थरातले तंतू आधी मुडपतात, किंक बँड (मुडपलेल्या तंतूंचा पट्टा) थोडा आत सरकतो, शेजारचे थर भार उचलतात, आणि मग एकदम पट्टी जाते.

म्हणून व्हिटनी-न्यूइस्मर (१९७४) यांचा पॉइंट स्ट्रेस निकष लावा. काठापासून d₀ अंतरावर स्ट्रेस ५६० झाला की तुटलं. ξ = R/(R + d₀); भोकाची त्रिज्या R = ३, d₀ = १ घेतलं तर ०.७५. भोकासकट आणि बिनभोकाच्या स्ट्रेंग्थचं गुणोत्तर २/(२ + ξ² + ३ξ⁴) = ०.५७, म्हणजे ३१९. रुंदीची दुरुस्ती केल्यावर ३०९.

गंमत म्हणजे मेश २ मिमीची ठेवली असती तर जवळपास हेच आलं असतं, कारण एलिमेंटचा मध्य काठापासून बरोबर १ मिमीवर पडतो. मग कुणालाच शंका आली नसती.

थरावरथर:
मग d₀ = १ घेऊन १२ मिमीच्या भोकाचा अंदाज चालेल?

किंकबँड:
अंदाज काढा, पण त्यावर डिझाइन करू नका. d₀ हा मटेरियलचा गुणधर्म नाही, टेस्टला जुळवलेला आकडा आहे. थरांची मांडणी बदलली की बदलतो, दाबात भोकाच्या मापाबरोबरही सरकतो. ७२ मिमी रुंद पट्टी, १२ मिमी भोक: R = ६ ला गुणोत्तर ०.४६, दुरुस्तीनंतर सुमारे २५०. टेस्ट यापासून बरीच लांब गेली तर d₀ स्थिर नाही हे कळलं. नेहमीचं फिक्श्चर ३६ मिमीसाठीच असतं, तेव्हा आधार वेगळा बनवावा लागेल. तो ढिला राहिला तर पट्टी बकल होऊन कमी आकडा देईल आणि तुम्ही त्याला भोकाच्या मापाचा परिणाम समजाल.

अबॅकस सॉफ्टवेअरमधलं हाशिन (थर निकामी होण्याचं मॉडेल) वापरणार असाल तर एलिमेंटची लांबी 2EG/X² पेक्षा कमी हवी. मॅट्रिक्स (तंतूंमधलं इपॉक्सी) तणावात ताठपणा E = ९०००, तुटण्याची ऊर्जा G = ०.२५ न्यूटन प्रति मिमी, स्ट्रेंग्थ X = ६० धरलं तर १.२५ मिमी. तंतूंची मर्यादा बरीच सैल असते, अडचण इथेच येते. शिवाय हे मॉडेल डिलॅमिनेशन (थर एकमेकांपासून सुटणं) दाखवत नाही. त्यासाठी थरांमध्ये कोहेसिव्ह (थरांमधली चिकट दाखवणारे) एलिमेंट घालावे लागतात.

काठावरचा:
एक राहिलंच. मॉडेल सुधारण्याआधी पट्टी सरळ दाबली गेली होती का ते बघा. दोन्ही पृष्ठांवर, भोकापासून दूर, समोरासमोर स्ट्रेन गेज (लांबीतला बदल मोजणारे) लावा. एकीकडे ४२००, दुसरीकडे ५००० मायक्रोस्ट्रेन असेल तर फरक ÷ बेरीज = ८.७ टक्के बेंडिंग. १० च्या वर गेलं तर तो नमुना बाजूला ठेवा आणि फिक्श्चरचं अलाइनमेंट तपासा. आणि भोक पाडताना खाली बॅकिंग प्लेट होती ना? नसेल तर बिट बाहेर पडतो त्या बाजूचा थर आधीच उचललेला असतो, भिंगाने बघितलं की दिसतो.

थरावरथर:
बॅकिंग होती. गेज फक्त एकाच बाजूला आहे.

काठावरचा:
मग ३१२ वर d₀ जुळवू नका. निदान तीन पट्ट्या दोन्ही गेज लावून पुन्हा दाबा.