प्राग ते व्हिएन्ना: ट्रेन बरी की बस?

टिळकवाडीकर: मंडळी, मे मध्ये आई-बाबांना घेऊन प्रागला जातोय, तिथनं व्हिएन्ना गाठायचंय. बाबांचे गुडघे दुखतात, त्यात बॅगेत दोन किलो कुंदा (आपली बेळगावची दुधाची मिठाई), मित्राची फर्माईश. ट्रेननं जाऊ की बसनं? व्हिसा दोन लागतात का?

निपाणीकर: ट्रेनच घ्या की वो, डायरेक्ट गाडीला साधारण चार तास लागतात, बाबांना उठून फिरता येतंय, बाथरूमची काळजी नाही. तिकीट आधी काढा म्हणजे स्वस्त पडतंय, आणि सीट रिझर्व्हेशन बऱ्याचदा वेगळं असतंय ते विसरू नका. चेकिया आणि ऑस्ट्रिया दोन्ही शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत, व्हिसा एकच. बॉर्डर कळत पण नाही, आपल्याकडं महाराष्ट्र-कर्नाटक बॉर्डरवर कोगनोळीला निदान पाट्या तरी बदलतात! पासपोर्ट मात्र हाताशी ठेवा, कधीमधी चेकिंग होतंय.

खानापूरची पोरगी: वाटेत ब्रनो लागतं, तिथं उतरून चार-पाच तास काढा. आनुवंशिकतेचे नियम शोधणाऱ्या मेंडेलनं वाटाण्यावर प्रयोग केले तो मठ तिथंच आहे, म्युझियम पण आहे. आणि दादा, कुंदा घरीच ठेवा हो, बाहेरच्या देशातनं दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत, एअरपोर्टवर डबा काढून घेतला तर जीव जळेल.

टिळकवाडीकर: अरे देवा! मग चुरमुऱ्याचा चिवडा नेतो. कोरुना (चेकियाचं चलन) किती बदलून घेऊ?

निपाणीकर: थोडेच घ्या, ऑस्ट्रियात युरो चालतात, उरलेले कोरुना घेऊन बसाल.