मदत हवी आहे: गेमिंगच्या पैशांमुळे भावाच्या खात्यावर होल्ड

नमस्कार मंडळी, इथे कोणी वकील किंवा सीए असेल तर जरा सांगा.

धाकटा भाऊ आयपीएलच्या वेळेस फँटसी टीम लावायचा. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राचा ऑनलाइन गेमिंग कायदा आला आणि ओळखीच्या ॲप्सनी पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. मग पठ्ठ्या टेलिग्रामवरच्या एका 'एजंट'कडून परदेशी साइटवर गेला. तिथे पैसे भरायचे ते दर वेळी वेगळ्याच माणसाच्या यूपीआयवर, आणि जिंकलेले यायचे तेही अशाच कुणाच्या तरी खात्यातून. हेच आता नडलंय. त्यातली एक रक्कम फसवणुकीतली निघाली आणि परराज्यातल्या सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँकेने खात्यावर होल्ड लावला. पगारही त्याच खात्यात येतो. शाखेत तक्रारीचा क्रमांक तेवढा लिहून दिला, पुढचं 'तुमचं तुम्ही बघा'.

माझ्या वाचनात असं आलं की या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, खेळणाऱ्याला नाही. पण आपल्याकडे १८८७ चा जुगार कायदाही आहेच की! तो याला लागू शकतो का? त्या पोलीस ठाण्यात स्वतः जावंच लागतं, की ईमेलवर कागदपत्रं चालतात? निदान वादातली रक्कम सोडून बाकी खातं मोकळं करून मिळतं का?

आणि जिंकलेल्या रकमेवरचा ३० टक्के कर रिटर्नमध्ये दाखवायचा कसा? टीडीएस कोणी कापलेलाच नाही.

'पैसे द्या, खातं सोडवतो' म्हणणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नये, असे दोघं भेटून झालेत.