एकाच बेसिनमध्ये खनिज वाळू आणि लोहखनिज: दोन्ही एकत्र शोधायला निघावं का?

चाळणवाला

गाळाच्या खोऱ्यात (बेसिनमध्ये) खनिज शोधायचा भलामोठा परवाना घेतलेल्या छोट्या कंपन्यांचे कार्यक्रम वाचले तर एक वाक्य हमखास सापडतं: 'खनिज वाळू आणि लोहखनिज यांचा शोध.' माझं मत स्पष्ट आहे. एका मोसमात, एका रिगने, दोन्हींच्या मागे लागणारा माणूस यातलं एकही नीट शोधत नाही. आधी काय हवंय ते ठरवा, मग बोअर मारा.

खनिज वाळू म्हणजे इल्मेनाइट (टायटॅनियमचं खनिज), झिरकॉन अशी जड खनिजं साचलेली वाळू. तिचा साठा म्हणजे बहुतेक वेळा जुना समुद्रकिनारा. साध्या क्वार्ट्‌झ वाळूची घनता २.६५, इल्मेनाइट आणि झिरकॉनची ४.६ ते ४.७ च्या आसपास. वादळी लाटा हलके कण ओढून नेतात, जड कण किनाऱ्यावरच राहतात. समुद्र हटत गेला की अशा पट्ट्या एकीमागे एक आत राहून जातात. ऑस्ट्रेलियातल्या मरे बेसिनमध्ये प्लायोसीन काळातल्या पट्ट्या आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहेत. पट्टी लांबीला कित्येक किलोमीटर आणि रुंदीला शंभर-दोनशे मीटर. त्यामुळे बोअरच्या रांगा एकमेकींपासून किलोमीटरभर लांब चालतात, पण रांगेतल्या दोन बोअरमध्ये काही दहा मीटरच अंतर ठेवावं लागतं. काम एअरकोर रिगचं (मऊ जमीन पात्यांनी कापून हवेच्या दाबाने सॅम्पल वर आणणारी), सॅम्पल दर मीटर-दीड मीटरला.

लोहाचं तसं नाही. गाळातलं लोह एक तर थर म्हणून पसरलेलं असतं, फ्रान्सच्या लॉरेनमधल्या ज्युरासिक 'मिनेट'सारखं, नाही तर बेसिनच्या तळाखालच्या जुन्या खडकात पट्टेदार स्वरूपात असतं. दोन्ही कठीण. एअरकोरची पाती तिथे नांगी टाकतात. मग कठीण खडकासाठीची आरसी (रिव्हर्स सर्क्युलेशन) किंवा डायमंड रिग आणा, बोअरची मांडणी बदला, लॅब बदला. राहिलं काय एकत्र? परवान्याचा कागद.

चुंबकसुई

सहमत नाही. तुम्ही जमिनीवरून सुरुवात केलीत, शोध सुरू होतो हवेतून. विमान एकदाच उडतं. मॅग्नेटोमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजणारं) आणि रेडिओमेट्रिकचं (जमिनीतला किरणोत्सर्ग मोजणारं) यंत्र एकाच फेरीत चालतं. मॅग्नेटाइट असलेल्या लोहपट्ट्यामुळे चुंबकीय क्षेत्रात येणारा उठाव हजारो नॅनोटेस्लाचा (क्षेत्र मोजायचं एकक) असू शकतो, पुरलेल्या किनारपट्टीचा जेमतेम काही नॅनोटेस्ला. पण एक खोल आणि रुंद, दुसरा उथळ आणि अरुंद. फिल्टर लावून दोन्ही वेगळे काढता येतात. सर्व्हेचा खर्च आधीच झालाय. त्या डेटातलं लोह बघायचंच नाही, हा हट्ट कशासाठी?

चाळणवाला

बघा ना, बघायला कोण नको म्हणतंय? पण विमान कसं उडवायचं हेही तुम्ही काय शोधताय त्यावरच ठरतं. तळाखालचं लोह एकमेकींपासून चारशे मीटरवरच्या उड्डाणाच्या ओळींवरही सहज दिसतं. अरुंद पट्टीसाठी ओळी जवळ हव्यात, उड्डाण खाली हवं आणि दिशा पट्टीला काटकोनात हवी.

दुसरं, मॅगेमाइट, म्हणजे लोहाचं एक ऑक्साइड. जांभ्यातल्या आणि जुन्या नदीपात्रांतल्या लोहखड्यांमध्ये ते असतं, चांगलं चुंबकीय असतं आणि नकाशावर नुसता खरखराट करतं. तुमचे ते चार-पाच नॅनोटेस्ला त्यात कुठे शोधणार? रेडिओमेट्रिकचंही तेच. मोनाझाइट या दुर्मिळ मृदा धातूंच्या खनिजातलं थोरियम दिसतं खरं, पण वरच्या तीस-चाळीस सेंटिमीटरमधलंच. पट्टीवर दोन मीटर साधी वाळू बसली की संपलं.

वजनकाटा

मी लॅबच्या बाजूचा. या वादात लोहाने वाळूचं सगळ्यात मोठं नुकसान कुठे होतं ते कुणी बोललंच नाही.

वाळूचं सॅम्पल आलं की ते वाळवतात, त्यातला थोडा भाग काढतात, ५३ किंवा ६३ मायक्रॉनखालची चिखलमाती धुऊन टाकतात, वरचे एक-दोन मिलिमीटरपेक्षा मोठे खडे बाजूला काढतात. उरलेलं जड द्रवात सोडतात. हा द्रव साधारण २.८५ ते २.९६ घनतेचा. क्वार्ट्‌झ तरंगतं, जे बुडतं त्याचं वजन म्हणजे 'एकूण जड खनिजं'. कंपनीच्या घोषणेत जो टक्का छापून येतो तो हाच.

आता गोथाइट, लिमोनाइट, हेमाटाइट ही लोहाची ऑक्साइडंही सगळी बुडतात. म्हणजे लोहाचा गंज चढलेला थर लागला की जड खनिजांचा टक्का आपोआप फुगतो. सहा टक्के लिहिलेलं असतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर निम्म्याहून जास्त गंजाचे गोळे. विकायला त्यातलं काही नाही. वाळूवाल्यांच्या भाषेत तो कचरा.

रिगवर हे लगेच कळतं, पण हात सरावलेला हवा. सायक्लोनखालून (रिगवर हवेतून सॅम्पल वेगळं करणारं नरसाळं) मूठभर वाळू काळ्या तबकात घ्यायची, पाणी मारून हलकेच डुलवायचं. शेपटीत काळे चकचकीत कण राहिले तर इल्मेनाइट, त्याच्या पुढच्या टोकाला फिकट, काचेसारखी झाक दिसली तर झिरकॉन. शेपटी तपकिरी, मळकट आली आणि बोटाला पिवळा डाग लागला तर आनंद आवरता घ्यावा. दोन खनिजं एकत्र शोधणाऱ्या क्रूमध्ये तो पिवळा डाग 'लोह लागलं' म्हणून नोंदला जातो. मी अशा लॉगशीट पाहिल्यात. त्यांना ना वाळू म्हणता येत, ना लोह.

गेरू

वजनकाटा, दोन्ही एकत्र शोधा असं मी म्हणतो आणि तुमचा मुद्दा उलट माझ्याच बाजूने जातो. गंज वेगळा ओळखायचा तर लोहाची जाण असलेला माणूस रिगवर हवा ना? हातातलं एक्सआरएफ यंत्र (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं ओळखणारं) दर मीटरच्या पिशवीला लावा, लोह आणि टायटॅनियम दोन्ही वाचा. लोह जास्त, टायटॅनियम नाही, तर गंज. दोन्ही आहेत, तर इल्मेनाइटची शक्यता. यात वेगळी मोहीम कुठे आली?

आणि चाळणवाल्यांनी लोहाची यादी अर्धीच दिली. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पिलबरा भागातले रोब नदीकाठचे आणि यांडीचे साठे जुन्या नदीपात्रांतले आहेत. गोथाइट-हेमाटाइटचे गोल दाणे, मधूनमधून लोह झालेल्या लाकडाचे तुकडे, लोह साधारण ५७-५८ टक्के. पट्टेदार लोहखडक झिजला, नदीने आणला, पात्रात साचला. वाळूचा कच्चा मालही नदीच आणते, फक्त तो समुद्राने निवडलेला असतो. जुनी नदी कुठून कुठे गेली आणि जुना किनारा कुठे होता, हा नकाशा एकच. तो काढणाऱ्याने नदीकडे पाठ फिरवून फक्त किनाऱ्याकडे बघावं?

चाळणवाला

नकाशा एक, मान्य. बोअर एक नाही, एवढंच म्हणतोय. पिलबरातल्या त्या पात्रांच्या आजूबाजूला जगातले सर्वांत मोठे लोहपट्टे उघडे पडले आहेत. भोवती ग्रॅनाइट असलेल्या बेसिनमध्ये नदी कुठून आणणार लोह? आधी डोंगर बघा, मग नदी. बहुतेक ठिकाणी 'लोह' म्हणून जे दाखवतात ते जांभ्याचं पाच फुटी टोपण असतं. त्यातली सिलिका आणि अॅल्युमिना ही नको असलेली भेसळ बघितली की आवाज बंद होतो.

नवखा

मधेच विचारतो. न्यूझीलंडमध्ये काळ्या वाळूपासूनच पोलाद करतात ना? मग वाळू आणि लोह एकच झालं की.

वजनकाटा

ती वेगळी वाळू. उत्तर बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर तारानाकीच्या ज्वालामुखींतून आलेलं टायटॅनोमॅग्नेटाइट आहे. वाइकाटो नॉर्थ हेडची वाळू ग्लेनब्रुकच्या कारखान्यात जाते, ताहारोआची १९७२ पासून पाण्यात कालवून नळाने जहाजावर चढवतात. त्यातलं टायटॅनियम मॅग्नेटाइटच्या कणातच मुरलेलं असतं, चाळून किंवा चुंबकाने वेगळं होत नाही. साध्या झोतभट्टीत मळी (वितळल्यावर उरणारा कचरा) घट्ट होते, म्हणून ग्लेनब्रुकला आधी फिरती भट्टी आणि मग विजेवर वितळवणं असा मार्ग घ्यावा लागला. म्हणजे ते लोहखनिज आहे, टायटॅनियमचं नाही. झिरकॉन आणि रुटाइल (टायटॅनियमचंच दुसरं खनिज) शोधणाऱ्याला मॅग्नेटाइट जास्त दिसलं तर तो नाकच मुरडतो: वाळू अजून पुरेशी कुजलेली, निवडलेली नाही असा त्याचा अर्थ.

कोरडा_हिशेब

तुम्ही सगळे शास्त्र बोलताय. 'आणि लोहखनिज' हे शब्द कधी घुसतात ते बघा. २०१५ च्या अखेरीस लोहखनिज टनाला ४० डॉलरच्या खाली होतं, मे २०२१ मध्ये २०० च्या वर. भाव चढला की जुन्या वाळूच्या परवान्यांवर लोह उगवतं, पडला की मावळतं. खालची जमीन तीच असते.

शिवाय लोहाचा धंदा म्हणजे रेल्वे आणि बंदर. वर्षाला कोट्यवधी टन हलवायचे. झिरकॉनचं सांद्र, म्हणजे वेगळं काढलेलं खनिज, मोजक्या ट्रकांतून जाऊ शकतं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या यूक्ला बेसिनमधला जेसिंथ-अँब्रोसिया साठा २००४ मध्ये सापडला आणि २००९ मध्ये उत्पादन सुरू झालं, तेही अगदी ओसाड भागात, कारण त्यातल्या जड खनिजांपैकी साधारण निम्मं झिरकॉन होतं. तिथे त्याच टनांचं मध्यम प्रतीचं लोह सापडलं असतं तर आजही नुसती फाइल पडून राहिली असती.

गेरू

भावामागे धावणारे आहेत, नाही कोण म्हणतो? पण परवान्याची अट विसरू नका. बऱ्याच देशांत काही वर्षांनी क्षेत्राचा भाग परत करावा लागतो. वाळू नसलेला भाग तुम्ही डोळे मिटून सोडता, नंतर दुसरा येऊन त्यातच लोह दाखवतो. सोडण्याआधी एकदा तपासणं याला धांदल म्हणत नाहीत.

आणि मिनेटला तुम्ही एका ओळीत उडवलंत. तीस टक्क्यांच्या आसपास लोह आणि नको इतका फॉस्फरस. १८७८ च्या थॉमस पद्धतीने तो फॉस्फरस काढता यायला लागला आणि त्याच दगडावर पोलादाचा अख्खा प्रदेश उभा राहिला. आज टाकाऊ ते उद्याही टाकाऊच, असं छातीठोक सांगू नये.

कोरडा_हिशेब

आणि फ्रान्समधली शेवटची लोहखाण १९९७ मध्ये बंद झाली, हेही सांगा. साठा संपला म्हणून नव्हे. बाहेरून साठ टक्क्यांचं खनिज जहाजाने स्वस्त पडायला लागलं म्हणून.

चाळणवाला

गेरू, 'उद्या'चं उदाहरण वाळूतही आहे आणि ते माझ्याच बाजूने बोलतं. मरे बेसिनच्या दक्षिणेला १९८० च्या दशकात सीआरए कंपनीला विम-१५० नावाचा साठा सापडला. टनांचा आकडा प्रचंड. पण कण इतके बारीक, बरेचसे शंभर मायक्रॉनच्याही खाली, की जड-हलके कण वेगळे करणाऱ्या नेहमीच्या सर्पिल घळीतून (स्पायरल) ते पाण्याबरोबर वाहून जातात. तंत्र सुधारलं, मोनाझाइटमधल्या निओडिमियम-प्रासिओडिमियम या दुर्मिळ मृदा धातूंना भाव आला, तरी त्या जातीचे साठे दशकानुदशकं अहवालांतच राहिले. टक्का चांगला, टनही चांगले, घोडं अडलं कणाच्या आकारावर. त्याच बेसिनमधल्या इल्मेनाइटला क्रोमियमची वेगळीच डोकेदुखी, रंगद्रव्यवाले नको म्हणतात.

म्हणजे नुसत्या वाळूतच इतकं खोदून विचारावं लागतं: कण केवढा, झिरकॉन किती, चिखल किती, क्रोमियम किती, पाण्याची पातळी कुठे. पहिल्या शंभर बोअरचे पैसे या प्रश्नांवर घालायचे की तळाच्या लोहावर? छोट्या कंपनीकडे दोन्हींना पुरेल एवढा पैसा नसतो, हे तुम्हालाही माहीत आहे.

बांधावरचा

ज्याच्या जमिनीत रिग उभी राहते त्याच्या बाजूने एक. वाळूची खाण पुढे सरकते, मागचा खड्डा भरत जाते. वरची माती नीट वेगळी ठेवली तर काही वर्षांत पुन्हा पेरता येतं, निदान तसं कबूल तरी करून घेता येतं. लोहाचा खड्डा पिढीभर उघडा राहतो. परवानगी मागायला येणारा 'दोन्ही शोधतोय' म्हणाला तर मी नेमकी कशाला सही देतोय? इथे सगळे नॅनोटेस्लावर भांडताय, आम्हाला एवढंच लेखी हवंय.

चुंबकसुई

बांधावरच्यांचा मुद्दा रास्त आहे. दोन्हींचे करार वेगळे हवेत, यात वादच नाही.

पण चाळणवाला, पैशाचंच म्हणाल तर माझी मागणी फार छोटी आहे. एअरकोर जिथे अडतं तिथला शेवटचा तुकडा फेकू नका. वाळूवाले 'पुढे जात नाही' असं लिहून रिग हलवतात. ते कशावर अडलं? घट्ट झालेली वाळू, लोहखडक की ग्रॅनाइट? मूठभर तुकडे पिशवीत टाका, चुंबकीय ग्रहणशीलता (खडक किती चुंबकीय होतो ते) मोजा. एका बोअरला पाच मिनिटं. त्यावरून माझं मॉडेल तळाच्या खोलीला तरी जुळवता येईल.

चाळणवाला

तुकडा ठेवतो, त्याला काही लागत नाही. पण तो तुकडा बघून उद्या कुणी 'अजून तीस मीटर डायमंड मारूया' म्हणालं, तर ते मीटर वाळूच्या बजेटमधून जाणार नाहीत. आणि घोषणेत तर अजिबात नाही.

गेरू

डायमंडचे मीटर आमच्या नावावर लिहा. पिशव्या मात्र नीट नंबर घालून ठेवा. वाळूवाल्यांच्या शेडमध्ये तळाचे तुकडे कुठल्या बोअरचे हे कुणालाच सांगता येत नाही, असं प्रत्येक वेळी होतं.