उंचीची भीती आणि विमानातून उडी : आपापले अनुभव लिहा

रामटेकच्या गडावर कठड्याजवळ उभे राहू न शकणाऱ्या माणसाने विमानातून उडी का मारावी, असे घरच्यांनी विचारले तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि उडीला दीड वर्ष होऊनही ते पुरतेसे सापडलेले नाही. म्हणून हा धागा काढला आहे. उंचीला घाबरत असूनही ज्यांनी स्कायडायव्हिंग केले, किंवा जे दारापर्यंत जाऊन परतले, अशा नागपूरकरांनी इथे लिहावे. शौर्यकथा नकोत, भीती नेमकी कुठे सुरू झाली आणि कुठे ओसरली, ओसरली असल्यास, एवढेच सांगावे. मला ती सर्वांत जास्त वजनकाट्यावर वाटली. वजन मर्यादेबाहेर भरावे अशी मी मनोमन प्रार्थना करत होतो, आणि ते भरले नाही.
– लक्ष्मीनगर

आमचे घर सहाव्या मजल्यावर आहे आणि गॅलरीतल्या दोरीवर कपडे वाळत घालण्याचे काम पहिल्या दिवसापासून माझ्या यजमानांकडे आहे. पचमढीला नागद्वारच्या यात्रेत लोखंडी शिडीच्या मध्यावर मी अशी थिजले होते, की मागची रांग गजर थांबवून माझी समजूत घालू लागली. दुबईला राहणाऱ्या मुलीने परस्पर माझे नाव नोंदवल्याचे आईला कळले, तेव्हा ती फोनवर एवढेच म्हणाली, “काहून जाऊन राहिली वं तू?”

ही टँडम उडी होती, म्हणजे आपण प्रशिक्षकाच्या पुढ्यात पट्ट्यांनी चार ठिकाणी जखडलेले असतो आणि पॅराशूट त्याच्या पाठीवर असते. त्यात एक मुख्य, एक राखीव, आणि ठरावीक उंचीखाली येऊनही आपण वेगाने पडतच असलो तर राखीव पॅराशूट आपोआप उघडणारे एक यंत्र असते. बँकेत हयात गेल्यामुळे ‘राखीव’ या शब्दाने मला इतरांपेक्षा जास्त धीर आला असावा.

सुमारे १३,००० फुटांवर दार उघडले. खाली पाहिले तर गॅलरीत येते ती घेरी आलीच नाही. पाम जुमेराचे बेट भिंतीवरच्या नकाशासारखे दिसत होते आणि नकाशाला कोण घाबरणार? भीती वाटली ती वाऱ्याच्या आवाजाची. हनुवटी वर, पाय मागे आणि शरीर केळ्यासारखे बाकदार ठेवायचे, ही शिकवणी मी पाढ्यांसारखी पुटपुटत होते. आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तसा येईल असे धरून चालले होते, पण तोही आला नाही. प्रशिक्षकाने नंतर समजावले की बाहेर पडताना विमानाचा पुढे जाण्याचा वेग आपल्या अंगात असतोच, त्यामुळे ताशी सुमारे २०० किलोमीटरपर्यंतची वाढ एकाएकी जाणवत नाही. ते जवळजवळ मिनिटभर चालले.

खरी भीती वाटली ती छत्री उघडल्यावर. सगळीकडे शांतता, पाय अधांतरी लोंबकळत असलेले, आणि खालच्या इमारतींना हळूहळू मजले फुटू लागलेले. उंचीला माप मिळाले, तशी माझी जुनी घेरी परत आली. शेवटचा बराच वेळ मी डोळे मिटून काढला आणि पाय वर उचलण्याची सूचना ऐकू आली तेव्हाच ते उघडले. कपडे अजूनही यजमानच वाळत घालतात.
– प्रतापनगर

वरील ताईंच्या अनुभवात नवल नाही, असे कान-नाक-घशाची डॉक्टर म्हणून सांगावेसे वाटते. तोल सांभाळताना मेंदू डोळे, अंतर्कर्ण आणि तळपाय यांच्याकडून आलेल्या खुणा जुळवून पाहत असतो. आपण उभ्या उभ्या किंचित डुलत असतो आणि जवळच्या वस्तू त्या प्रमाणात सरकताना दिसल्या की स्वतःला सावरतो. गच्चीच्या काठावर मात्र समोर जवळचे काहीच नसते, डोळ्यांची खूण क्षीण होते आणि डुलणे वाढते. विमानाच्या दारात आपण आपल्या तोलावर उभे नसतोच, शिवाय पायांपासून जमिनीपर्यंत उतरत जाणारी भिंतही नजरेला मिळत नाही. त्यामुळे तिथे घेरी आली नाही म्हणून गच्चीवरची भीती बरी झाली, असे कृपया समजू नये. ती कमी करायची असेल तर जिन्याची एकेक पायरी वाढवत, तिथे मन निवेपर्यंत थांबण्याचा कंटाळवाणा मार्गच उपयोगी पडतो. मी स्वतः उडी मारलेली नाही आणि मारणारही नाही.
– रामदासपेठ

मी परतलेल्यांपैकी आहे. उज्जैनजवळ दताणा धावपट्टीवर उड्या असतात, हे कळल्यावर महाकालाचे दर्शन आणि उडी असा दुहेरी बेत आखला होता. विमान इतके लहान होते की सगळे एकमेकांच्या पायांत पाय घालून बसलो होतो. माझी पाळी आली तेव्हा मी मान हलवली. प्रशिक्षकाने दोनदा विचारले, तिसऱ्यांदा विचारले नाही, याबद्दल मी आजही त्याचा ऋणी आहे. रिकाम्या झालेल्या विमानातून वैमानिकासोबत खाली येताना मला लाज वाटेल असे वाटले होते. प्रत्यक्षात फार भूक लागली.
– मानेवाडा

मित्रांच्या आग्रहाने उडी मारली, पण मोकळे पडण्याचा भाग मला आठवतच नाही. चित्रफितीत मी हसताना दिसतो, अंगठा वर करतानाही दिसतो. तो माणूस मीच आहे, हे केवळ शर्टावरून पटते. भीतीवर मात केली असे म्हणायला मी तिथे हजर असायला तरी हवा होतो.
– वर्धमाननगर

मी पुढच्या महिन्यात हरियाणात नारनौलला जाणार आहे. भीतीचे मी पाहून घेईन, पण उपाशीपोटी जावे की खाऊन, हे कोणी सांगेल का?
– महाल

उपाशी जाऊ नका, चक्कर येते. दोन तास आधी हलके खा. पोहे चालतील, पण तर्री नको.
– लक्ष्मीनगर